लागीमाइनाची लाल टेस्ट

टेस्ट पास झाली, पडद्यावर हिरवी खूण आली, की आपिया या बेटावरच्या राजधानीतल्या त्या ऑफिसातले सगळे कोको प्यायला उठतात. लागीमाइना उठत नाही. ती आपलाच कोड मुद्दाम मोडते, टेस्ट पुन्हा चालवते आणि ती लाल झाली की मगच समाधानाने हसते. चोरावर भुंकत नसेल तर कुत्रं पाळून काय उपयोग, असं तिचं सरळ गणित. या खोडीपायी प्रत्येक काम अर्धा दिवस लांबतं आणि ऑकलंडला बसलेला साहेब, ग्रॅम, वैतागतो.

त्या शुक्रवारी जावास्क्रिप्टमधलं एक कॅलेंडर दुपारी दोनला सगळ्यांसाठी खुलं व्हायचं होतं. कुठल्याही वेबपानावर उचलून बसवावं असं. गावोगावच्या चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी. सकाळी तिने त्याला एक चिमुकली टेस्ट जोडली: डिसेंबर २०११ मांड आणि एकही तारीख दोनदा आली नाही ना, बघ. टेस्ट लाल झाली. या वेळी कोड कुणी मोडला नव्हता. तिचा आनंद गगनात मावेना.

"चेहरा बघ, जशी लॉटरीच लागलीय," शेजारचा तावीता म्हणाला.

"एकतीस तारीख दोनदा येतेय, दादा. शुक्रवारीही आणि शनिवारीही."

तावीता वाकून बघू लागला आणि हसतच सुटला. "अगं, तो शुक्रवार होय."

ग्रॅमला मात्र हसू आलं नाही. कॉलवर तो म्हणाला, "इथे सगळं हिरवं आहे. तुझं मशीन बिघडलंय. ती टेस्ट काढून टाक, दोनला कॅलेंडर खुलं करतोय."

टेस्ट काढली की चुकीचं कॅलेंडर गावोगाव जाणार, आणि कुणाला पत्ताही लागणार नव्हता. एरवी ती मोठ्यांपुढे आवाज चढवत नसे.

"एकच करा, ग्रॅम. तुमच्या मशीनचं घड्याळ आपियाच्या वेळेवर लावा आणि पुन्हा चालवा."

"आणि हिरवी आली तर?"

"तर माझ्या हाताने पुसते. पुन्हा कधी तुमचा अर्धा दिवस खाणार नाही."

तावीताने कपाळाला हात लावला. ऑकलंडच्या पडद्यावर एकेक ओळ सरकू लागली. हिरवी, हिरवी, हिरवी. मग लाल.

"हे काय आहे?" ग्रॅमचा आवाज उतरला होता.

"तीस डिसेंबर आमच्याकडे उगवलीच नाही. त्या वर्षी सरकारने आमचा देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडच्या बाजूला मोजायला घेतला. गुरुवारी रात्री झोपलो, उठलो तो शनिवार. ती चौकट रिकामी ठेवायची."

"सोमवारी खुलं करू. टेस्ट राहू दे," ग्रॅम म्हणाला. "पण एवढ्या तारखांमधून तुला नेमकी हीच कशी सुचली?"

"त्या दिवशी मी चौदा वर्षांची होणार होते," लागीमाइना म्हणाली. "उठल्या उठल्या आईला विचारलं, माझा वाढदिवस कधी? ती म्हणाली, काल होता, बाळ. पण काल आलाच नाही."