वरून हुकूम, खालून रस

रोग्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, त्याच बोटांनी स्वतःच्या टाळूवर टिचकी मारायची, मग दोन्ही हात कमरेमागे नेऊन मूत्रपिंडं कुठे असतात ते दाखवायचं आणि म्हणायचं, "वरून हुकूम, खालून रस." आमच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दिवसातून वीस वेळा हा नाच करी. मी तिथं आया होते. झाडता झाडता मला तो पाठ झाला. असे शिकलेले तुम्हीही पाहिले असतील; एक गोष्ट कळली की ती साऱ्या जगाला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

सांगणं असं. माणूस भ्याला की मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी गाठ आहे, ती रक्तातून निरोप धाडते. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन गाठी आहेत, त्या रस सोडतात. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, रक्तात साखर चढते. पळायला नाहीतर लढायला बळ येतं. तो रस फिरून डोक्यात पोचला की डोकं म्हणतं, थांब, पुरे. मग सगळं निवतं.

दाढ दुखते म्हणून आलेला म्हाताराही हे ऐकूनच घरी जाई. एकाने शेवटी विचारलं, "सायब, दाढ उपटायचा हुकूम कोन देतंय?"

विद्यापीठाच्या नावावरून पेटापेटी झाली त्या पावसाळ्यातली गोष्ट. ते विद्यापीठ आमच्या गावात एकानेही पाहिलेलं नव्हतं. तरी त्याचं नाव बदलू नये म्हणून आमच्या लोकांनी बौद्धवस्तीतली घरं जाळली. आमचे म्हणजे आमचेच. माझा पुतण्या त्यात होता. दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला आणि मी त्याला वाढलं. हे आधीच सांगते, म्हणजे डॉक्टरला नावं ठेवणारी तू कोण, असं कुणी विचारायला नको.

त्यानंतर वस्तीतली एक बाळंतीण दोन महिन्यांची लेक घेऊन आली. घर जळलं त्या दिवसापासून तिचं दूध आटलं होतं. शेळीचं पाजलं तर पोरीला हगवण लागली. डॉक्टरने नाच केला आणि म्हणाला, "धोका टळलाय आता. पोलीस येऊन गेले. तुमच्या मेंदूला तेवढं समजू द्या." बाई खाली बघून "जी" म्हणाली आणि गोळ्या घेऊन गेली. तीनदा आली, तीनदा नाच. तिसऱ्या खेपेला पोरीच्या रडण्याला आवाज उरला नव्हता.

ती गेल्यावर मी झाडू भिंतीला टेकवला. "डॉक्टरसाहेब, म्हैस पाळली का कधी?"

"नाही."

"म्हशीम्होरं कुत्रं उभं असलं तर ती पान्हा सोडत न्हाई. तिला गोळी देत न्हाईत, कुत्रं हाकलतेत. ही बाई रोज दोनदा हापशावर जायलीय. हापसा चावडीपुढं हाय आन् चावडीवर घरं जाळणारेच बसलेत. कुठं टळला धोका?"

त्याने टाळूवर हलकेच एक टिचकी मारली. मग म्हणाला, "मावशी, दूध सोडायचा हुकूमही त्याच हरभऱ्यातून सुटतो." जशी काही म्हैस त्याच्या पुस्तकातून शिकली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मायलेकींना दवाखान्यातल्या कॉटवर ठेवून घेतलं. पाणी मी आणायचं, पोरीला डॉक्टरने तालुक्याहून मागवलेलं डब्याचं दूध चमच्याने पाजायचं. कुत्रं हाकलायचं सोडून म्हैसच आत बांधली, असं मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

चौथ्या दिवशी चावडीवरचे चौघे आले. पुतण्या पुढे. या बाईला आजार काय, कॉट कशापायी अडवली, असं विचारू लागले. डॉक्टर दारात उभा राहिला. मला वाटलं, आता हा नाच करणार. त्याने केला नाही. म्हणाला, "तिला आजार नाही. तिला तुमची भीती आहे. भीती जाईपर्यंत ती इथेच राहील."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. माझी बहादुरी तेवढीच. बघून घेऊ म्हणत ते गेले.

ते गेल्यावर हा शूरवीर खुर्चीत कोसळला. सदरा पाठीला चिकटलेला, हात असा कापत होता की पेला धरता येईना. मीच तोंडाला लावला. म्हटलं, "थांब म्हना की वरून."

"म्हणतोय, मावशी. खालचे ऐकत नाहीत."

त्याचं एवढं एकच बोलणं मला पटलं.

सातव्या दिवशी दूध उतरलं. पोरगी पिता पिता झोपली. डॉक्टर टाळूवर टिचक्या मारत दवाखानाभर फिरला, जसं काही त्यानेच पाजलं.

वस्तीत परत पाठवताना त्याने बाईला चिठ्ठी दिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती माझ्यापुढे धरली. चिठ्ठीत गोळीचं नाव नव्हतं. मावशींनी हापशावर सोबत जावे, असं लिहिलं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. थांब म्हणेपर्यंत.

मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी भांडायला गेले. तो मान वर न करता म्हणाला, "कुत्रं हाकलायला ओळखीचं माणूस लागतं, मावशी."

मग मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी चावडीवर खोकणं, खाकरणं झालं. मी पुतण्याकडे बघत उभी राहिले, बाईने हापसा मारला. भावकीने मला लग्नाला बोलावणं सोडलं. त्यांची जेवणं वाचली.

दिवाळीच्या आधी डॉक्टरची बदली झाली. चौघांनी वर काही सांगितलं असेल, नसेल. पालमला जाणाऱ्या एसटीत त्याने ट्रंक चढवली, कंडक्टरची नाडी धरून त्यालाही नाच दाखवला, खिडकीतून मला हात केला. थांब म्हणायचं मात्र विसरला. पुन्हा कधी आलाही नाही.

पोरगी चालायला लागली, शाळेत गेली. विद्यापीठाचं नावही शेवटी बदललं. चावडीवरचे म्हातारे झाले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा मी घागर घेऊन त्या बाईच्या दारात उभी राहत होते.