साहेबांच्या कुत्र्याला सावधान

साहेबांच्या बायकोला मी वहिनी म्हणालो. चूक माझीच.

साहेबांचा इस्त्रीचा युनिफॉर्म पोचवायला मला बंगल्यावर पाठवलं होतं. दार उघडलं आणि आतून हिंगाच्या फोडणीचा वास आला. कलकत्त्यात येऊन मला वर्ष होऊन गेलं होतं. मेसमधलं मोहरीच्या तेलातलं खाऊन नाकसुद्धा बंगाली झालं होतं. त्या वासानं मी खुळावलो. त्यात बाई फोनवर बोलत होत्या, "अगं, नारळ मिळतो गं इथं, पण खोवणी नाही मिळत." मराठी! माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

फोन खाली आला. बाईंनी मला बुटापासून टोपीपर्यंत बघितलं.

"मॅडम म्हणायचं. मराठी आहेस? आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा."

हे अच्छा मला ओळखू येतं. शाळेत ऐकलंय, पुण्यात भाड्यानं खोली बघताना ऐकलंय. फार लांबवत नाहीत. तेवढ्यात सगळं मोजून होतं. पाणी आलं ते कागदी कपात. मागं काचेच्या पेल्यांची रांग दिसत होती.

"कप जाताना बाहेरच्या डब्यात टाक. आणि रविवारी दुपारी ये. आपली मराठी मंडळी येणारेत जेवायला."

आता कप हातात असताना माणसाला पुढचं कळायला पाहिजे की नाही? मला नाही कळलं. मी 'आपली' एवढंच ऐकलं. वाटलं, आमंत्रण आहे.

मी कोण ते सांगतो. किनाऱ्याची राखण करणाऱ्या दलात मी उत्तम नाविक. उत्तम हे नावापुरतं. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, नदीला पाणीही चार महिनेच. त्या भागातला मी. उत्तम नाविकाच्या वरची पायरी प्रधान नाविक. फौजेतला हवालदार समजा. तिथवर पोचलं की हाताखाली माणसं येतात. तोपर्यंत नुसतं ऐकायचं. पोचायला लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, बोट चालवणं, आणि कमांड. कमांड म्हणजे समोर तुकडी उभी करतात आणि तिला नुसत्या आवाजानं हलवून दाखवायचं. हे सगळं जमलं तरी वर साहेबाची शिफारस लागते. माझी शिफारस ज्यांच्या हातात, तेच हे साहेब.

तयारी चीफ करून घ्यायचे. चीफ म्हणजे आमच्यासारखे नाविकच, पण पार वरच्या पायरीला पोचलेले केरळी गृहस्थ. संध्याकाळी मैदानाच्या दोन टोकांना आम्हाला उभं करायचे आणि एकमेकांवर हुकूम ओरडायला लावायचे. माझा आवाज मुळातच फाटका. चीफ म्हणायचे, "तू हुकूम देतोयस की शेजारी पीठ उसनं मागतोयस?"

रविवारी मी एस्प्लनेडला उतरून संदेश मिठाईचा मोठा खोका घेतला. त्याच आठवड्यात गावाहून राहायला आलेल्या बायकोनं निळा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. पुढच्या दाराची बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं, शर्ट बघितला, खोका बघितला.

"मागनं ये. हे काय?"

"संदेश, मॅडम."

"ठेव ओट्यावर."

मागच्या दारी, स्वयंपाकघरात मंडल उभा. सुंदरबनाकडचा पोरगा, चीफच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारा. तोही परीक्षेला. अंगात एप्रन, हातात पापडांचं ताट. मला बघून तो इतका हसला की पापड ताटातून घसरायला लागले.

"दादा, शादी में आए हो क्या?"

त्यानं खुंटीवरचा दुसरा एप्रन काढून दिला. मी तो निळ्या शर्टावर घातला. कुणी जबरदस्ती केली नाही. गाठसुद्धा मीच मारली. मनात हिशेब साधा होता: शिफारस.

लॉनवर टेबलं मांडली होती. बँकेतले बदलीवर आलेले दोघे-तिघे, आयकरवाले एक, त्यांच्या बायका. शिवाय तीन पिढ्या कलकत्त्यात राहिलेलं एक वयस्कर जोडपं. त्यातल्या आजींचं मराठी बंगाली वळणाचं, गोल गोल. मी मसालेभात वाढत फिरलो. माझा संदेश बशीत घालून मीच वाढला. बँकवाले म्हणाले, "वा, संदेश फर्स्टक्लास. कुठून मागवला?"

मॅडम म्हणाल्या, "आला कुठून तरी."

आजींनी मला विचारलं, "तुम्ही जेवलात बाबा?"

उत्तर मॅडमनी दिलं. "ते नंतर जेवतात."

ते म्हणजे आम्ही. मी आणि मंडल. एका वाक्यात आमची तुकडी तयार झाली.

जेवणं उरकत आली तसे साहेब रंगात आले. आपली पोरं मागं का पडतात, हा विषय निघाला. साहेब म्हणाले, "हुशारी असते हो. कमांड नसते. रक्तातच नसते ती. आता हाच बघा." हा म्हणजे मी. मी भात घेऊन आयकरवाल्यांपाशी उभा होतो. "आपल्याकडचाच आहे. प्रधान नाविक व्हायचंय त्याला. ए, इकडे ये. दाखव यांना तुझी कमांड."

"सर, तुकडी नाही इथं."

"ब्रूनो आहे की."

ब्रूनो साहेबांचा लॅब्राडोर. टेबलाखाली पसरला होता. मंडळी खुर्च्या वळवून बसली. माझ्या हातात भाताचा डाव तसाच. कुणीतरी म्हणालं, "छडी पण आहे हातात!" हशा झाला. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसलो.

"सावधान!" मी म्हणालो.

ब्रूनोनं एक कान हलवला.

"जोरात! परीक्षेत असा आवाज चालणार नाही."

"सावधान!"

ब्रूनो उठला, आला, आणि डावाला लागलेला भात चाटायला लागला. लॉनभर हशा. बँकवाल्यांनी फोन काढून धरला. मी 'दाहिने मूड' म्हणालो, ब्रूनो डावीकडं गेला. मी 'थम' म्हणालो, तो चालत राहिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला कुत्र्याचा राग आला. साहेबांचा नाही. कुत्र्याचा. एवढा मी तयार झालेला होतो.

मग साहेब म्हणाले, "त्याला कळत नाहीये. तू करून दाखव. खाली बस आधी. तुझं बघून बसेल तो."

मी गुडघे वाकवले.

पुरते नाही. अर्धे. मागून मॅडम म्हणाल्या, "शहाणा आहे हं." कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही. आणि मी असा अर्ध्यात लटकलेला असताना साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दोन. "चल, चल, लवकर."

माझ्या आजोबांना गावात कुणी नावानं हाक मारली नाही. वाड्याच्या ओट्यावरून दोन टाळ्या वाजायच्या. आजोबा असतील तिथून निघायचे. हातातलं टाकून. ताटावरूनसुद्धा. लहानपणी मी त्यांची नक्कल करायचो. टाळ्या वाजवायचो, वाकून धावायचो, दोस्त हसायचे. आजोबाही हसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गंमत वाटते. त्या लॉनवर गुडघ्यांत कळ आली तेव्हा समजलं. ते हसणं मघाशी मी हसलो तसलंच होतं.

मी सरळ उभा राहिलो.

"हे माझं काम नाही, सर."

"काय म्हणालास?"

"हे माझं काम नाही. वाढणं पण नाही."

साहेब हळू आवाजात बोलले. त्यांना कमांड येते, ती अशी.

"शिफारस कोण लिहितं, माहितीये ना?"

"आपण, सर."

"मग?"

"मग लिहू नका."

मी एप्रन सोडला. आता इथं मला मोठेपणा सुचला. मी मंडलकडं वळलो आणि मैदानावर कधी निघाला नव्हता असल्या आवाजात ओरडलो, "मंडल! लाइन तोड!" रांग मोडून निघा, असा हा आयुष्यातला माझा पहिला खरा हुकूम. समोर एकच माणूस. मंडल ताट घेऊन उभा होता. त्यानं साहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "दादा, तुम जाओ. हमको परमोशन लगेगा."

मी एकटाच चालता झालो. छाती पुढं, मान वर. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "डाव घेऊन कुठं निघालास?" भाताचा डाव माझ्या हातातच होता. परत जाऊन देण्याची हिंमत नव्हती. त्याच्याकडंच ठेवला आणि बजबजला आमच्या खोलीकडं जाणारी गाडी पकडायला पळालो.

सोमवारी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. आवाज चढवला नाही. "मी तुला आपला समजून घरी बोलावलं," म्हणाले. "पाहुण्यांसमोर तू माझी शोभा केलीस." शिफारस गेली नाही. कारण दिलं: नेतृत्वगुण कमी. म्हणजे कुत्र्यासमोर बसलो असतो तर नेतृत्व सिद्ध होत होतं. मी हे वाक्य चीफना म्हणून दाखवलं. ते हसले नाहीत.

"नियमात असं घरकाम कुठंच नाही," चीफ म्हणाले. "रीतसर मोठ्या साहेबांपुढं उभं राहायची विनंती करता येते. कर. पण तिथं कुत्र्याचं नाव घेताना हसू नकोस."

विनंती केली. टोपी काढून उभा राहिलो. सगळं सांगितलं. कागदी कप, एप्रन, संदेश, ब्रूनो. गुडघे वाकवले तेही. हसलो नाही. मोठ्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बघतो," म्हणाले. ते अजून बघतायत. दरम्यान त्या बॅचची परीक्षा होऊन गेली.

मंडल पास झाला. कोर्सला निघायच्या आदल्या दिवशी रसगुल्ले घेऊन आला. "तुमने सही किया, दादा. हम नहीं कर सकता था." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हणालो. खोटं म्हणालो. मला त्याचा राग आहे. साहेबांचा आहे, मॅडमचा आहे, फोन धरणाऱ्या बँकवाल्याचा आहे, आणि सगळ्यात जास्त त्या अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांचा आहे. दाढी करताना, रांगेत उभा असताना, गस्तीची बोट धुताना तो राग येतो. जात नाही. जावा असं मला वाटतही नाही.

चीफच्या वर्गात आता नवे चौघे आलेत. चीफचं वय झालंय, म्हणून मैदानावरची ओरडाओरडी ते माझ्यावर सोपवतात. प्रधान नाविक न झालेला माणूस प्रधान नाविक तयार करतोय. पहिल्याच दिवशी मी त्यांना दोन टोकांना उभं केलं आणि सावधान-विश्रामच्या आधी एकच वाक्य ओरडायला लावलं. "सर, ये मेरा काम नहीं है!" पहिल्यांदा चौघांचे आवाज घशातच राहिले. मला ते ओळखीचं होतं. मी पुन्हा ओरडायला लावलं. पुन्हा. पार नदीपर्यंत ऐकू जाईपर्यंत. चीफ पाठ करून उभे होते. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं.

यातला एक जरी बंगल्याच्या मागच्या दारानं आत गेला तर मी स्वतः जाऊन त्याला पुढच्या दारानं बाहेर आणणार आहे. आणि मी परत परीक्षेला जाणार. शिफारस नाकारली तर परत विनंती करणार, परत टोपी काढून उभा राहणार, परत कुत्र्याचं नाव घेणार. त्यांना कंटाळा येईल. मला येणार नाही.

परवा संध्याकाळी बजबजला नदीकाठी बसलो होतो. बायको माझ्या पुस्तकातून प्रश्न विचारत होती.

"वर लाल दिवा, खाली पांढरा. कसली नाव?"

"जहाजांना बंदरात आणणाऱ्या पायलटची."

"मासेमारीची. पायलटचा पांढरा वर असतो. काल पण हेच चुकलात."

मी चिडलो. पुस्तक तिच्या हातातून घेतलं. म्हणालो, "हे बघ, या वेळी नापास झालो तर माझ्या स्वतःच्या अज्ञानानं होईन. कुणाच्या कुत्र्यापायी नाही होणार."

तिनं पुस्तक परत घेतलं, पान शोधलं.

"त्याची काळजी नको," ती म्हणाली. "तेवढं अज्ञान आहे तुमच्याकडं."