दादाचा न पोचलेला अर्ज

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळायला फारसा वेळ उरलेला नाही.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे राज्य झालं, मग तेही मोडून राजधानी भोपाळला निघाली. दर वेळी आमच्या कचेरीत ज्येष्ठतेची यादी नव्याने होई. माझं नाव कधी वर, कधी खाली, बढती कुठेच नाही. जेवताना, झोपताना डोक्यात तीच यादी.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी चार वर्षांनी मोठा; मी त्याला दादा म्हणे. त्याने उपाय काढला. कचेरी सुटली की जयेंद्रगंजातून महाराज बाड्यापर्यंत चालायचं. वाटेत हवं तेवढं रडगाणं गायचं. बाडा आला की बंद. त्यानंतर जो कुरकुरेल त्याने भर चौकात टाळ्या वाजवून आरती म्हणायची.

पहिल्याच दिवशी मी बोलून गेलो, "पण दादा, ती यादी..."

"करा सुरू, हेडक्लार्कसाहेब!" दादाने चिडवलं.

मी आरती म्हटली. कचोरीवाला ओरडला, "बाबूजी, प्रसाद भी बाँटोगे?"

"प्रसाद तुझ्याच कढईतून येणार, भैया!" दादा म्हणाला.

महिन्याभरात मला रडायला विषय पुरेना. मी घोरायला लागलो, अशी घरून तक्रार आली.

मग भोपाळला बदल्या निघाल्या. ज्याच्या घरी म्हातारं माणूस एकटं पडेल, त्याला अर्ज करून सूट मिळे. दादाला आईशिवाय कोणी नव्हतं, आईला त्याच्याशिवाय. असे अर्ज गोळा करून वर पाठवणं माझ्याकडे होतं. माझी स्वतःची बदली ठरलेली. दादाशिवाय भोपाळला माझं डोकं पुन्हा तुंबणार, एवढंच मला दिसलं. त्याचा अर्ज मी खणात ठेवला. मुदत गेली.

"नामंजूर झाला," मी सांगितलं.

"जाने दे यार. तिथे तलाव मोठा आहे म्हणतात."

भोपाळला आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. तळ्याकाठी मैलोन् मैल भटकलो, त्याच्या करपलेल्या पिठल्यावर पोट धरून हसलो. तीन वर्षं. इतका मोकळा मी पुन्हा कधी नव्हतो. त्याची आई ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरात एकटी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर लाडू पाठवत राहिली, "तुझ्या मित्रालाही दे." मी खाल्ले.

दादाच्या शेवटच्या आजारात मी रोज जात असे. वाक्य घरूनच पाठ करून निघे. तो "ये रे, बैस" म्हणे, काहीतरी थट्टा करी, आणि मी औषधांची चौकशी करून परत येई. ते वाक्य अजून पाठ आहे: दादा, तुझा अर्ज नामंजूर झाला नव्हता. मी तो पाठवलाच नाही. मला माफ कर.