चाकं ठोकणाऱ्याचा मधाचा पाव

"आधी ओव्हनला नावं ठेवायची, आणि टाकून देऊ म्हटलं की ओव्हन चांगला! एकदा काय ते ठरवा ना!" काकूंनी पावाचा तुकडा ताटलीत आपटला. वरून खमंग, तांबूस, चित्रात काढावा असा पाव. पण मधे ओला गोळा तसाच. बोट लावलं तर बोटाबरोबर वर येत होता.

"आच कमी पडतेय," काका म्हणाले. "म्हातारा झालाय तो."

"तेच म्हणतेय मी. म्हाताऱ्याला निरोप द्या."

"मी ओव्हनबद्दल बोलतोय."

"मीपण ओव्हनबद्दलच बोलतेय. तुम्हाला द्यायचा असता तर एवढी वर्षं थांबले असते का?"

ओट्याशी भाजी चिरत उभी असलेली सून खाली मान घालून हसली. मुलगा हसला नाही. तो हातात टेप घेऊन भिंत मोजत होता. ओव्हन निघाला की ओटा थेट खिडकीपर्यंत जाणार होता, तिथे सुनेचं भांडी धुण्याचं मशीन बसणार होतं. भंगारवाला संध्याकाळी यायचा होता. सगळं ठरलं होतं. फक्त काका 'हो' म्हणत नव्हते आणि 'नाही'ही म्हणत नव्हते.

"बाबा, गेले कित्येक रविवार आपण कच्चा पाव खातोय," मुलगा म्हणाला. "पाव विकत मिळतो. तुम्ही आता आराम करा."

काकांनी मान हलवली, ती कशाला हलवली ते कुणालाच कळलं नाही. "दुसरा साचा आत आहे," ते म्हणाले. "तेवढा होऊ दे. मग न्या."

मुलगा भंगारवाल्याला जरा लवकर येतोस का विचारायला बाहेर पडला. काकू तरातरा बाहेरच्या खोलीत जाऊन शिलाई मशीनवर बसल्या. शिवण हा त्यांचा धंदा आणि राग काढायची जागाही तीच. गिऱ्हाइकाचा झगा पुढे ओढून त्यांनी पायडल असं दाबलं की मशीन ओरडायलाच लागलं.

सरळ शिवणीला डोकं लागत नाही. त्यामुळे ते भलतीकडे जातं.

काकांनी सारी नोकरी रेल्वेच्या यार्डात काढली. काम एकच: उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि लांब दांड्याच्या हातोड्याने प्रत्येक चाक ठोकायचं. ठोकलं की ऐकायचं. चाक धड असेल तर घंटेसारखा आवाज देतं. कुठे केसाएवढी चीर गेली असेल तर आवाज मरतो. एवढंच. यार्डात त्यांना सगळे 'ठोक्या' म्हणत. लग्न ठरलं तेव्हा काकूंच्या मैत्रिणींनी तोंडावर पदर धरून विचारलं होतं, "नवरा काय करतो म्हणालीस? चाकं ठोकतो?" काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग एकदा काका जेवणाचा डबा विसरून गेले, म्हणून काकू तो घेऊन यार्डात गेल्या. लांबच लांब गाडी उभी होती. डब्यांतले लोक पेंगत होते, कुणी खिडकीतून हात काढून केळं सोलत होतं. आणि खाली, त्या सगळ्यांच्या पायाखाली, त्यांचा नवरा एकटा चालला होता. टण्. दोन पावलं. टण्. मान किंचित कललेली, डोळे कुठेच नाहीत. देवळात नाही, इस्पितळात नाही, काकूंनी माणसाचा असा चेहरा कुठेच पाहिला नव्हता. एका चाकापाशी तो थांबला. परत ठोकलं. गुडघ्यावर बसून कान चाकाजवळ नेला, आणखी एकदा हलकेच ठोकलं, आणि खिशातून खडू काढून त्यावर फुली मारली. त्या चाकाचा डबा गाडीतून काढला गेला. वरची माणसं कुरकुरत दुसऱ्या डब्यात गेली. का उतरवलं ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"काय ऐकलंत हो?" काकूंनी जेवणाचा डबा देताना विचारलं होतं.

"काही नाही. मी हाक मारली, त्याने ओ दिली नाही."

त्या दिवसानंतर नवरा काय करतो असं कुणी विचारलं की काकू ताठ मानेनं सांगत.

नोकरीची मुदत संपायच्या आधीच काका घरी बसले. गुडघे कुरकुरतात म्हणाले. रिकामा पुरुष घरात म्हणजे काय ते काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं. डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, नळ दुरुस्त करून बिघडवून झाले. त्या सुमाराला सुनेने तब्येतीसाठी म्हणून क्विनोआचं, त्या राजगिऱ्यासारख्या परदेशी धान्याचं, पाकीट आणलं. एकदा शिजवलं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि कुणी दुसऱ्यांदा घेतलं नाही. पाकीट फळीवर मागे गेलं. काकांना टाकवेना. त्यांनी कुठूनतरी पावाची कृती मिळवली, बंद पडलेल्या बेकरीतला ओव्हन हातगाडीवर घालून आणला आणि पहिला पाव केला. तो इतका कडू झाला की शेजारच्या कुत्र्याने हुंगून परत दिला. क्विनोआ धुवायचा असतो हे कुणाला ठाऊक होतं? पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो, तो फेस जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं.

आणि पाव भाजलाय की नाही बघायला या माणसाने काय करावं? यार्डातून निरोपाला मिळालेला हातोडा काढला आणि पावावर मारला! पाव मधोमध बसला. सून पोट धरून हसली. काकूंनी कपाळावर हात मारला. पण काका त्या खड्ड्याकडे गंभीरपणे बघत म्हणाले, "जोर जास्त झाला. बोट पुरेल."

आणि बोट पुरलं. मग रविवारचा पाव हा घरातला नेम झाला. जाडसर गव्हाचं पीठ, भरडलेले जव, ओट, मूठभर अळशी; त्यात शिजवून निथळलेला क्विनोआ, त्याची शेपटीसारखी पांढरी कडी सुटलेली. कोमट पाण्यात मध विरघळवून त्यात यीस्ट. हात कोपरापर्यंत पिठात घालून काका मळायला लागले की ओटा हलायचा. झाकून ठेवलेली कणीक फुगून फडकं वर उचलायची, तेव्हा काकूंना दर वेळी नवल वाटायचं. आपण आयुष्यभर कापड कापत आलो, ते कधी स्वतःहून इंचभर वाढलं नाही. आणि इथे पाठ फिरवली की दुप्पट.

पण मधाच्या पावाची एक खोड असते. मधामुळे साल लवकर तांबूस होते. डोळ्यांना वाटतं झाला, आणि आत अजून चिखल असतो. म्हणून काका कधी रंगावर जायचे नाहीत. पाव साच्यातून काढायचा, उलटा करायचा, बुडावर बोट वाकवून ठोकायचं. टक् टक्. पोकळ, भरदार आवाज आला की झाला. नाही आला तर परत आत. गेले काही रविवार सोडले, तर इतकी वर्षं एकही पाव कच्चा निघाला नव्हता.

मशीन थांबलं. दोरा संपला होता. स्वयंपाकघरातून भाजल्या मधाचा वास येत होता, जरा जास्तच येत होता.

"अहो, बघा जरा! करपेल तो!" काकूंनी हाक मारली.

उत्तर नाही. रुसवा अजून उतरलेला दिसत नाही, म्हणत त्या उठल्या आणि दारात थबकल्या. दाराकडे काकांची पाठ होती. त्यांनी पाव नुकताच बाहेर काढला होता. उलटा केला, बोट वाकवलं, ठोकलं.

भद्द.

दारातूनसुद्धा ऐकू आलं. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज. काकांनी मान कलवली, परत ठोकलं. भद्द. मग त्यांनी पाव तसाच धरून हळूच सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे. सून फोनवर कुणाचातरी निरोप वाचत होती. वाचता वाचता हसली आणि तिने मान डोलावली. काकांचे खांदे सैल झाले. त्यांनी पाव निवायला जाळीवर ठेवून दिला.

काकूंच्या हातातली दोऱ्याची रीळ खाली पडली, घरंगळत काकांच्या मागे जाऊन भिंतीला आपटली. ते वळले नाहीत.

मग एकेक आठवायला लागलं. मशीनच्या कटकटीवरून हा माणूस जन्मभर भांडला आणि अलीकडे कधीपासूनतरी गप्प झाला होता. काकूंना वाटलं होतं, उतारवयात अक्कल आली. रेडिओ लावणं सोडलं होतं, वाटलं, कंटाळले. आपण बोलताना टक लावून बघत राहायचे. या वयात हे काय, म्हणून काकू मनातून सुखावल्या होत्या. अरे देवा. ते ओठ वाचत होते.

"जरा गच्चीवरचे कपडे काढून आणतेस का गं?" त्यांनी सुनेला सांगितलं. ती गेल्यावर त्या आत आल्या, जाळीवरचा पाव उचलला, साच्यात घालून परत ओव्हनमध्ये ठेवला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कळलंय तुम्हाला मी काय विचारलं ते."

काका स्टुलावर बसले. पिठाचे हात मांडीवर पालथे ठेवले. "सुरुवात यार्डातच झाली," ते म्हणाले. "एकदा एक चाक ठोकलं आणि मला नक्की सांगता येईना. चाक चांगलंच होतं, मागून दुसऱ्याकडून तपासून घेतलं. पण मला सांगता आलं नाही. त्याच दिवशी साहेबाकडे गेलो. माझ्या हातून एकही चाक चुकीचं गेलेलं नाही, अगं. एकही नाही."

"गुडघे म्हणाला होतात!"

"गुडघे म्हटलं की लोक खुर्ची देतात. कान म्हटलं की ओरडून बोलायला लागतात." ते थोडं हसले. "जवळून ठोकलेलं ऐकू यायचं अजून. पावापुरता कान होता. आता तोही बंद झाला. मला वाटलं, ओव्हनवर ढकलू थोडे दिवस."

खिडकीतून केळं सोलणारा तो हात काकूंना आठवला. किती माणसं त्या गाड्यांतून झोपून गेली, लग्नांना, परीक्षांना, आजारी आईला भेटायला. आणि कुणालाच माहीत नाही की एका माणसाला एका चाकाची शंका नाही, स्वतःची शंका आली आणि तो मुकाट्याने हातोडा ठेवून घरी आला. घरात सुद्धा नाही कळलं. पाठीला पाठ लावून झोपणाऱ्या बायकोला नाही कळलं. आपण या माणसाला ओळखतो असं त्या जन्मभर धरून चालल्या होत्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "झाला असेल."

त्यांनीच पाव काढला, उलटा केला आणि ठोकला. टक् टक्. लाकडी पेटीत कुणीतरी बसलंय आणि आतून उत्तर देतंय, असा आवाज. "झालाय," त्या मोठ्याने म्हणाल्या, मग चूक लक्षात येऊन नुसते ओठ हलवून म्हणाल्या, "झालाय."

काकांनी लगेच मान हलवली नाही. त्यांनी हात पुढे केला आणि पावाला खालून तळवा लावला. "परत."

काकूंनी ठोकलं.

"परत. हळू." आता काकांनी तळवा काढून नुसती बोटांची टोकं टेकवली. मग वाकले, गरम पाव फडक्यात धरून त्याची कड जबड्याच्या हाडाला लावली, डोळे मिटले. "ठोक."

काकूंनी ठोकलं. आणि तो चेहरा परत आला. लांबलचक गाडीखालचा, डोळे कुठेच नसलेला, मान किंचित कललेली. त्या ठोकत राहिल्या. स्वयंपाकघरात मधाचा वास भरून राहिला होता, आणि एक म्हातारा गालाशी पाव धरून उभा होता, जणू आत कुणी पोर झोपलंय आणि त्याचा श्वास चालू आहे की नाही ते बघतोय.

"थरथरतंय," काका म्हणाले. "कच्चा होता तो हातात मेल्यासारखा बसत होता. हा थरथरतोय, अगं. हाडातून येतंय." त्यांनी डोळे उघडले. "कुणी सांगितलं नाही मला कधी, की असंही ऐकता येतं."

गरम सालीने भाजून गालावर लाल वळ उठला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

पाव निवल्यावर कापला तेव्हा कपडे घेऊन सून आली होती आणि मुलगाही परतला होता. एकसारखी जाळी पडलेला, क्विनोआचे मोत्यासारखे दाणे मिरवणारा पाव. मुलाने घास घेतला, चावता चावता थांबला. "हा तर झालाय की! मग ओव्हन... बरं, असो. भंगारवाला तासाभरात येतोय."

"त्याला फोन कर. येऊ नको म्हणावं," काकू म्हणाल्या.

"आई, सकाळी तूच म्हणालीस!"

"म्हणाले."

"मग आता काय झालं? एक पाव नशिबाने भाजला गेला म्हणून? आच कमी पडते, बाबाच म्हणाले."

काकूंनी तोंड उघडलं. काहीतरी थाप ठोकून द्यायची त्यांची तयारी होती. तार सैल होती, मी घट्ट केली, असलं काहीतरी. पण काका मुलाच्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आच बरोबर आहे," ते म्हणाले. "कान गेलेत माझे. पाव झालाय की नाही ते ऐकू येत नव्हतं. ओव्हनवर आळ घेतला."

सुनेने हातातले कपडे खुर्चीवर ठेवले. मुलगा आईकडे बघायला लागला, जणू तिने 'काहीतरीच काय' म्हणावं.

काकूंनी पावाचा दुसरा काप काढून त्याच्या ताटलीत टाकला.

"ओव्हन इथेच राहणार," त्या म्हणाल्या. "ओटा त्याच्या अलीकडे संपवा, भांड्यांचं मशीन मोरीत बसवा. पाव दर रविवारी हेच करतील, ठोकायला मी असेन. आणि आजपासून या घरात यांच्याशी कुणी पाठमोरं बोलायचं नाही. मीसुद्धा."