अकरा घरांचे पॉवर सप्लाय

सुमनताई कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय भाजीच्या तराजूत तोलून घ्यायच्या. व्यापाऱ्यानं डबा पुढे केला की त्या तो एका पारड्यात ठेवायच्या, दुसऱ्यात किलोचं आणि दोनशेचं वजन टाकायच्या. डब्याचं पारडं खाली गेलं नाही तर डबा परत. वर चिकटवलेल्या कागदावर किती वॅट छापलेत, ते त्या वाचायच्यासुद्धा नाहीत. "कागदावर काय पण छापतात. आत तांबं हाय का नाय ते पारडं सांगतं," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. आत तांब्याची जाड गुंडाळी आणि उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असल्या की डबा जड होतो. कुणी स्वस्तात काढला की पहिली काटछाट तिथेच होते.

तराजू सासूबाईंचा होता. सुमनताईंचं सासर मखमलाबादकडचं, भाजी पिकवणाऱ्यांचं. सासू बुधवारी नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात बसायची आणि नवरा शेत बघायचा. सुमनताईंनी लग्नाआधी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला होता. आधी घरातच टीव्ही दुरुस्त करायच्या, मग मखमलाबाद नाक्याजवळ एक गाळा घेऊन कॉम्प्युटर जुळवून द्यायला लागल्या. गाळ्यात बाई बघून निम्मी माणसं "मालक कुठं आहेत?" असं विचारायची. "शेतात," एवढंच त्या सांगायच्या आणि हातातलं काम चालू ठेवायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ते दोन हजार तीनच्या सुमाराला. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं एडिटिंग घरी करायचं मी ठरवलं होतं. माझा नवरा प्रभाकर सातपूरला एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर त्याला गाड्यांच्या शर्यतीचे आणि विमान चालवण्याचे गेम आठवले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण या विषयावर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. एकाच कॉम्प्युटरवर दोघांचं भागवायचं असं ठरलं आणि मुंबईच्या मित्राकडून पार्टची यादी मागवून आम्ही सुमनताईंच्या गाळ्यात गेलो.

त्यांनी यादी घेतली आणि न वाचता काचेखाली सरकवली. मग मला विचारलं, दिवसाकाठी किती तास काम करणार, कॅमेरा कुठला, एका लग्नाच्या किती कॅसेटी असतात, कॉम्प्युटर कुठल्या खोलीत ठेवणार आणि त्या खोलीत ऊन कुठून येतं. प्रभाकरला त्यांनी गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर शर्यत खेळायला बसवलं आणि दहा मिनिटं मागे उभ्या राहून बघितलं. तो चारदा कठड्यावर आदळला. "दादा, तुम्हाला गेमसाठी सगळ्यात मोठं कार्ड नको. मधलं घ्या. तुम्ही आदळता ते कार्डापायी नाय," असं त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. प्रभाकरनं मधल्या कार्डाची किंमत विचारली, म्हणजे त्याला पटलं असावं.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर नवी यादी लिहिली. पहिली ओळ मदरबोर्डाची आणि बाकी सगळं त्याच्या अंगानं. मेमरी कुठली, ते बोर्ड ठरवणार. कॅमेऱ्याचं कार्ड आणि गेमचं कार्ड शेजारी आली तर मधे हवा राहील का, तेही त्यांनी बोटं लावून मोजलं. व्हिडिओसाठी वेगळी हार्ड डिस्क, कारण एका तासाच्या कॅसेटला तेरा जीबी लागतात. पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी, सगळ्यांची विजेची भूक मोजून झाल्यावर.

प्रभाकरनं खिशातून एक ग्राफिक्स कार्ड काढलं. कारखान्यातल्या एकानं जुनं म्हणून स्वस्तात दिलेलं. समोरच एक नवा बोर्ड उघडा पडला होता, त्याच्या खाचेत त्यानं ते घालून बघितलं. बरोबर बसलं. तो खुशीत वर बघतोय तोवर त्यानं चालू करू नये म्हणून सुमनताईंनी बटणावर तळहात ठेवला होता.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "बसतं म्हणजे चालतंच असं नाय, दादा. हे जुन्या व्होल्टेजचं हाय. बसंल मस्त आणि बोर्ड जाळून टाकंल."

"बसतं म्हणजे चालतंच असं नाय" हे त्या दिवसातून चारदा तरी म्हणत असतील. पुढे मी मैत्रिणीसारखी गाळ्यात जाऊन बसायला लागले, तेव्हा तर मला ते पाठ झालं. जुळणी झालेला कॉम्प्युटर त्या दोन दिवस लाकडी पाटावर उघडाच चालवायच्या आणि मगच पेटीत घालायच्या. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायच्या, "आमची गवार नाय ही, की दुपारपर्यंत सुकून जाईल."

माझं काम चांगलं चाललं. आठ महिन्यांनी एका दुपारी मी पिंपळगावच्या एका लग्नाच्या एडिटिंगला बसले होते. प्रभाकरचं विमान चालू नव्हतं, मीच काम करत होते, हे मुद्दाम सांगते, कारण घरात तो वाद झाला. फट असा आवाज आला, करपट वास सुटला आणि पडदा काळा झाला. व्हिडिओची हार्ड डिस्क गेली, बोर्ड गेला. मूळ कॅसेटी माझ्याकडे होत्या म्हणून निभावलं. तीन दिवसांचं काम पाण्यात गेलं, एवढंच.

मी पेटी रिक्षात घालून गाळ्यात नेली. सुमनताईंनी पॉवर सप्लायचा डबा काढला, चार स्क्रू फिरवले आणि झाकण उचललं. बोटानं आतला एकेक भाग चाचपला. मग डबा माझ्याकडे वळवला. आत पट्ट्या बारीक, तांब्याची गुंडाळी लिंबाएवढी आणि तळाला रिबीट मारून बसवलेली एक लोखंडी पट्टी. तिचं काहीच काम नव्हतं. त्यांनी ती पक्कडीनं उपटली आणि तराजूत टाकली. चारशे ग्रॅमला थोडी कमी भरली.

"पालकाच्या जुडीवर पाणी मारून वजन वाढवतात, ते मला लांबून दिसतं," त्या म्हणाल्या. "आणि हे नाय दिसलं."

त्या खेपेचे चौदा डबे त्यांनी घेतले होते. तीन गाळ्यात पडून होते. अकरा लोकांच्या घरी गेले होते, माझा धरून. त्यांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमचा एकच गेलाय, बाकीच्यांची कुणाची तक्रार आहे का? वॉरंटी संपेपर्यंत गप्प राहा. फारच वाटत असेल तर फुकट सर्व्हिसिंग म्हणून जा आणि बदलून या.

मलाही हेच योग्य वाटलं आणि मी तसं सांगितलं. बदलायचे तर बदला, पण कारण सांगायची गरज नाही. माणसं कामापुरतं ऐकतात आणि उरलेलं आपल्या मनानं भरून घेतात. गाळा नवा, त्यात बाईचा. एकदा नाव गेलं की परत येत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, न सांगता बदलला, तर उद्या त्यांचा भाऊ दुसऱ्या दुकानातनं हाच डबा घेईल. जड हाय म्हणून घेईल. मीच त्यांना वजन बघायला शिकवलंय."

माझा कॉम्प्युटर बंद होता, हाताला काम नव्हतं, म्हणून पुढचे चार-पाच दिवस मी त्यांच्याबरोबर फिरले. लूनावर त्या पुढे, मी मागे, मांडीवर नव्या डब्यांची पिशवी. या वेळी त्यांनी प्रत्येक डबा आधी उघडून बघितला होता. प्रत्येक घरात त्या पट्टी टेबलावर ठेवायच्या आणि एकाच चालीत सांगायच्या, "मी तुम्हाला दिलेला डबा खोटा निघाला. मी फसले. बदलून देते." चांदवडला एक कांद्याचे व्यापारी होते, तिथे आम्ही एसटीनं गेलो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "चालतंय ना ताई, मग कशाला हात लावता?"

"चालतंय तवरच लावायचा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि स्क्रू काढायला बसल्या.

बहुतेक घरांत आमच्याशी नीट वागले. कॉलेज रोडला पाटणकर म्हणून निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी मात्र आम्हाला दारातच उभं केलं. पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग, कॉम्प्युटरमध्ये आणखी काय काय खोटं घातलंय, असं विचारलं. सुमनताईंनी पेटी उघडून एकेक पार्ट दाखवला. अर्धा तास लागला. त्यांनी डबा बदलून घेतला आणि बसा म्हणाले नाहीत. परतताना मी चिडले होते. सुमनताई म्हणाल्या, "त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं की."

माझा अंदाज खरा ठरला, याचा मला आनंद नाही. त्या अकरांतल्या दहांचं काहीच बिघडलं नव्हतं, त्यामुळे सुमनताईंनी काय वाचवलं हे कुणाला दिसलं नाही. दिसली ती पट्टी. मखमलाबाद नाक्यावरच्या बाईच्या कॉम्प्युटरमध्ये लोखंड निघतं, ही गोष्ट शहरभर झाली. गाळ्यात येणारी माणसं कमी झाली आणि पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी गाळा सोडला. मी "सांगितलं होतं" म्हणाले नाही. त्यांनी तक्रार केली नाही. सातपूरला विजेची पॅनेलं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणीला लागल्या. तयार पॅनेल त्यांच्या सहीशिवाय बाहेर जायचं नाही. प्रभाकर सांगायचा की तिथली माणसं त्यांना टरकून असतात.

डबे बदलल्याला सहा वर्षं झाली, तेव्हा एका लग्नात पाटणकर सर भेटले. मी एडिटिंग करते म्हटल्यावर त्यांनी मला नवा कॉम्प्युटर घेण्याबद्दल सल्ला दिला. कुठूनही घ्या, म्हणाले, पण मखमलाबाद नाक्यावर पूर्वी एक बाई होती, तसल्या माणसाकडून नको. बनावट माल घालायची. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? "तिनं स्वतःच येऊन कबूल केलं होतं," ते म्हणाले. मी त्यांच्या दारात उभी होते, हे त्यांना आठवत नव्हतं.

त्यांचा तो कॉम्प्युटर किती दिवस टिकला, असं मी विचारलं.

"टिकला म्हणजे? अजून चालतो. एकदाही बिघडला नाही."

त्यांना यात विसंगत काही वाटलं नाही. जेवणाची पंगत बसत होती, मी पानावर जाऊन बसले. पण त्या रविवारी मुद्दाम सुमनताईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. पाटणकर काय म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांना राग यावा, निदान माझ्याइतका तरी, अशी माझी अपेक्षा होती.

"एकदाही नाय बिघडला?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाले."

त्यांनी दोन काड्या निवडल्या. मग हात थांबला.

"सहा वर्षं म्हणजे डब्यातला पंखा आता जड फिरत असंल. तो अडकला तर डबा तापंल. आवाज करतो का, ते विचारलंत का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सुमनताई, तो माणूस तुम्हाला आजही चोर समजतो.

"समजू द्या की," त्या म्हणाल्या आणि मेथी बाजूला सारून उठल्या. "कॉलेज रोडचाच पत्ता हाय ना अजून?"