अकरावा रकाना

मृत्युंजय सिद्रामप्पा बेळकोणे. नाव ऐकलं की वाटावं, माणूस यमालासुद्धा दारातून परत पाठवत असेल. पण या माणसाला नो-पार्किंगमधून उचलून नेलेली स्वतःची मोटारसायकलसुद्धा दंड भरल्याशिवाय सोडवता आली नव्हती, हे त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मृत्युंजय शहराचा ट्रॅफिक इंजिनिअर होता. शहर कोणतं म्हणाल, तर नांदेड आणि लातूरच्या मधलं जे तुमच्या डोळ्यासमोर येईल ते धरा. नाव सांगून कुणाशी वैर घ्यायची आपल्याला हौस नाही.

ट्रॅफिक इंजिनिअर म्हटलं की लोकांना वाटायचं, हा शिट्टी वाजवणारांचा बाप. उदगीरचा साडू दर महिन्याला फोन करायचा, "अहो, माझी गाडी धरून राहिलेत इथं, जरा बोला की त्यांच्याशी." मृत्युंजय कपाळावर हात मारून घ्यायचा. गाडी धरायची पोलिसानं. सिग्नलचा ठराव करायचा सभेनं. रस्ता खोदायचा पाणीवाल्यांनी आणि तो बुजवायचा कुणीच नाही. मृत्युंजयनं काय करायचं? मोजायचं आणि लिहायचं. "मला कसलाच अधिकार न्हाई हो," हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की बायको शिवानी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, "ह्यांना चहात साखर किती घालू ते इचारू नका, ह्यांना अधिकार न्हाई." सगळे हसले. मृत्युंजयही हसला. अधिकार नसण्यात एक मोठं सुख असतं, ते त्याला फार आधी कळलं होतं.

मोजायच्या कामात त्याचा जोडीदार म्हणजे ग्यानोबा. अहमदपूरकडचा माणूस, आधी रोजंदारीवर, मग कायम झालेला, वयानं मृत्युंजयपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. ऑफिसात सगळे त्याला मामा म्हणत. टेपचं एक टोक मृत्युंजयच्या हातात आणि दुसरं मामाच्या, अशी नऊ वर्षं दोघांनी सगळं शहर मोजून काढलं होतं. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, ट्रकांच्या शिव्या खात. मामा बोलायचा कमी. आकडा सांगायचा, टेप गुंडाळायचा आणि म्हणायचा, "चला साहेब, च्या घेऊ."

मामाची मुलगी तनुजा बारावीला होती. डॉक्टर व्हायचं म्हणून पहाटे उठून क्लासला जायची. मामाचा सगळा जीव त्या पोरीत. ती नेहमी स्कूटी हळू चालवायची, इतकी हळू की मामाच तिला चिडवायचा, "पोरी, त्याच्यापेक्षा चालत जा, लवकर पोचशील."

श्रावणातल्या एका सकाळी सातच्या सुमारास फोन आला. बसस्टँडकडून येणाऱ्या उतारावर मामाच्या पोरीला टेम्पोनं उडवलं. मृत्युंजय होता तसा निघाला, पायात बाथरूमच्या चपला. पोरीला तोवर दवाखान्यात नेलेलं होतं. रस्त्यावर स्कूटी आडवी पडलेली, वह्या पाण्यात भिजलेल्या आणि बाजूला पंचनामा लिहिणारा हवालदार उभा. दुभाजकाच्या मधोमध सिमेंटच्या चार ठोकळ्यांएवढी मोकळी जागा होती. असल्या जागेला सगळं गाव 'कट' म्हणतं. त्या कटातून पोरगी पलीकडे निघाली होती. उतारावर वळण आणि वळणावर वाढदिवसाचे फ्लेक्स. टेम्पोवाल्याला ती दिसली नाही, तिला टेम्पो दिसला नाही.

"साहेब," हवालदार म्हणाला, "ह्यो कट अधिकृत हाय का हो?"

मृत्युंजयच्या डोक्यात तिडीक गेली. असल्या वळणावर कट? कोण गाढव होता तो? "मुळीच अधिकृत न्हाई," तो ओरडलाच. "कुण्या तरी दुकानदारानं फोडला असेल. ज्यानं हा कट उघडा ठेवला त्याला मी सोडणार न्हाई, लिहून ठेवा!" आसपासचे चार लोक माना डोलवू लागले. मृत्युंजयला रागानं घाम फुटला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग त्याला आवडतही होता.

दवाखान्यात मामा भिंतीला टेकून बसला होता. पोरीचा पाय दोन जागी मोडला होता, जीव वाचला होता. मृत्युंजयनं मामाचा हात धरला आणि तेच परत सांगितलं, "मामा, ज्यानं तो कट उघडा ठेवला ना, त्याला मी सोडत न्हाई. तुमची शपथ." मामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मृत्युंजयला वाटलं, बापाचं दुःख आहे, काय बोलणार बिचारा.

खाटेवरून तनुजा म्हणाली, "काका, माझंच चुकलं का हो?" तिचे ओठ सुकलेले होते. "मी बघितलं होतं. दोन्हीकडं बघितलं होतं, खरंच. मग कसं झालं?"

"तू गप पड, बाळा," मृत्युंजय म्हणाला.

तिथून तो सरळ ऑफिसला गेला आणि त्या रस्त्याची फाईल मागवली. पानं उलटायला लागला. दुभाजक बांधला तो नकाशा, त्यात कट नाही. रंगकामाचं पत्र. झाडं लावण्याचं पत्र. आणि मग एक कागद आला, महाशिवरात्रीच्या आठवड्यातला. 'पालखी मिरवणुकीकरिता दुभाजकातील चार ठोकळे तीन दिवसांकरिता काढण्यात यावेत.' खाली दस्तखत होतं. ऐसपैस, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेलं. ते दस्तखत त्यानं रोज दहा वेळा केलेलं होतं.

मृत्युंजयनं कागद खिडकीच्या उजेडात धरून परत वाचला. अगं आई गं! मीच तो. मीच तो गाढव.

सगळं आठवलं. रामलिंगप्पा आले होते, पालखीचे मानकरी, त्याच्या वडिलांचे स्नेही. "पालखी निघाल्यावर उलटी वळवायची न्हाई, बाप्पा," ते म्हणाले होते. "आजोबाच्या काळापासून सरळ जाती. तुमचा डिव्हायडर मधी आला, आता काय देवाला वळसा घालायला सांगू?" दुभाजकाला वळसा घालायचा तर पालखी पुढं नेऊन माघारी फिरवावी लागली असती. मृत्युंजयलाही ते पटेना. त्यानं आदेश काढला, तीन दिवसांचा. मामानं जेसीबी आणून ठोकळे उचलले. पालखी सरळ गेली. मृत्युंजयनं स्वतः खांदा दिला होता, शिवानीनं फोटो काढला होता.

पण त्या ऑफिसची एक रीत आहे. काढायला एक हुकूम लागतो आणि लावायला दुसरा. 'तीन दिवसांकरिता' असं शंभर वेळा लिहा, ठोकळे काही आपल्या पायानं चालत परत येत नाहीत. लावायचा हुकूम नसेल तर जेसीबी जागची हलत नाही. चौथ्या दिवशी मामा टेबलासमोर येऊन उभा राहिला होता. "साहेब, ठोकळे कवा लावायचे?" मृत्युंजय म्हणाला होता, "उद्या काढतो आदेश." पंधरा दिवसांनी मामानं परत विचारलं होतं. तेव्हा त्याला कसल्याशा ट्रेनिंगची ड्यूटी लागली होती. "आल्यावर बघू, मामा." दुकानदारांना कट सोयीचा होता, त्यांनी तक्रार केली नाही. आणि मृत्युंजय त्या रस्त्यानं सहा महिने रोज जात होता. रोज! त्या कटातून एक-दोनदा त्यानं स्वतःची मोटारसायकलही वळवली होती.

म्हणजे मघाशी मामानं मान खाली घातली ती दुःखानं नव्हे. मामाला माहीत होतं. साहेब आपलीच शपथ घेऊन स्वतःलाच सोडणार नाही म्हणतोय, हे ऐकून त्या माणसाला साहेबाची लाज वाटली होती. हे ध्यानात आलं आणि मृत्युंजय खुर्चीत तसाच बसून राहिला. शिपायानं ठेवलेल्या चहावर साय धरली.

दुपारी वरचे साहेब, श्रीमंत नावाचे, स्वतः त्याच्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात अपघाताचा छापील फॉर्म होता. असा अपघात झाला की मृत्युंजयनं जागा बघायची, मोजायची आणि फॉर्म भरायचा, हे काम तो नऊ वर्षं करत होता. अकरावा रकाना असतो 'अपघाताचे कारण'. पुढं पोलीस, कोर्ट, विमा, सगळे त्या रकान्याकडे बघून ठरवतात.

"मृत्युंजयराव, त्यात काय एवढं?" श्रीमंत साहेब हळूच म्हणाले. "रस्त्याचा दोष लिहिला तर ऑफिस अडकतं, आणि पहिल्यांदा तुम्ही. 'वाहन चालकाचा निष्काळजीपणा' लिहा, दस्तखत करा, मोकळे व्हा. नेहमी तुम्ही काय लिहिता?"

"पण कटातून वळत पोरगी होती, केस तिच्यावरच होईल, साहेब."

"होईल. आपण काय करणार? आपल्याला काय अधिकार?"

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मृत्युंजयला कानाखाली बसल्यासारखं झालं. अधिकार नाही? एका रकान्यात तीन शब्द लिहिले की अठरा वर्षांची पोरगी जन्मभर स्वतःला गुन्हेगार समजणार होती. दोन्हीकडं बघूनसुद्धा! कलेक्टरच्या तरी हातात याहून मोठं काय असतं? आणि हा माणूस नऊ वर्षं लोकांना हात जोडून सांगत फिरत होता की मी आपला साधा मोजणारा आहे.

त्यानं पेन उघडलं. 'दुभाजकातील कट मिरवणुकीकरिता तीन दिवसांसाठी उघडण्यात आला होता. तो बंद करण्याचा आदेश निम्नस्वाक्षरीकाराने' इथपर्यंत लिहिलं आणि थांबला. 'निम्नस्वाक्षरीकार' म्हणजे कोण, हे पोरीला कुठं कळणार? त्यानं तो शब्द खोडला, वर 'मी' लिहिलं. 'मी काढला नाही. वळणावर कट दिसत नाही. वाहनचालक मुलीचा दोष नाही.' खाली तेच शेपटीवालं दस्तखत केलं. ठोकळे लावायचा हुकूमही तेव्हाच काढला. लिहायला दोन मिनिटं लागली. सहा महिने ज्याला फुरसत मिळाली नव्हती, ते काम दोन मिनिटांचं होतं.

श्रीमंत साहेबांनी फॉर्म वाचला. "तुम्हाला नोटीस निघंल, बेळकोणे," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी तो फॉर्मची झेरॉक्स घेऊन दवाखान्यात गेला आणि तनुजाला वाचून दाखवली. 'दोष नाही' हे शब्द त्यानं दोनदा वाचले. पोरगी उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मोकळं होऊन रडत होती. मामाची बायको सिंधु तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मृत्युंजय बाहेर व्हरांड्यात आला. मामा मागोमाग आला. आता मामा शिव्या घालील, निदान पाठ तरी फिरवील, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. "मामा, माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "तुम्ही दोनदा विचारलं होतं. मला माफी मागायलाही तोंड न्हाई."

"लिव्हलं ना तुम्ही," मामा म्हणाला. "लई मोठं काम केलं. दुसऱ्यानं केलं नसतं."

मृत्युंजयचा जीव भांड्यात पडला. पण मामा जागचा हलेना. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"एक इचारू, साहेब? राग मानू नका."

"विचारा की."

"हिमायतनगर रोडचा ब्रेकर याद हाय? परसालचा? पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. रंग आला होता, हुकूम न्हाई म्हून डबे तसेच पडून होते. शेषेरावचं पोरगं गेलं तिथं, बालाजी."

मृत्युंजयला आठवलं. चोवीस वर्षांचा होता.

"शेषेरावचा च्याचा गाडा हाय कोर्टाम्होरं," मामा सांगत होता. "म्या जातो तिथं. कुणी इचारलं की शेषेराव म्हणतो, माझंच पोरगं हुकलं, सरकारी कागदावर तसं लिव्हलंय. सव्वा वर्ष झालं, मेलेल्या पोराला बाप शिव्या देऊन राहिलाय, का रे अशी पळवलीस गाडी म्हणून." मामानं वर पाहिलं. "तवा अकराव्या रकान्यात काय लिव्हलं होतं, साहेब? टेप म्याच धरला होता."

आपली पोरगी मोडून पडली तेव्हा नव्हे, तर ती सुटली तेव्हा मामानं हे विचारलं होतं. सव्वा वर्ष पोटात धरून ठेवलं होतं. आणि एकटा बालाजीच थोडा होता? नऊ वर्षांतल्या त्या फॉर्मांची थप्पी त्याच्या डोळ्यासमोर आली. अकराव्या रकान्यात सगळीकडं तेच तीन शब्द होते. त्यातले किती खरे आणि किती नुसते सोयीचे, ते त्याला आता सांगता येत नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "शेषेराव आता गाड्यावर असतील?"

"हाव. सात वाजेस्तोवर असतो."

मृत्युंजयनं घड्याळ पाहिलं. साडेसहा झाले होते. एवढ्या वर्षांत त्यानं कोर्टासमोर कितीदा चहा घेतला असेल, पण चहा देणारा कोण हे कधी विचारलं नव्हतं. त्यानं तनुजाच्या फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि जिन्याकडे निघाला.

"थांबा," मामा मागून म्हणाला. "म्या येतो. दुसरं टोक कोण धरील?"