पहिलवानाशी हात मिळवला

जुन्या इंदूरला कुस्त्या बघताना मी एका पहिलवानाशी हात मिळवला. तसं केलं की कुस्ती कबूल होते, हे मला माहीत नव्हतं.

पन्नाशीचा, कान चुरगळलेला तो गडी जोड शोधत आखाड्याभोवती फिरत होता. प्रत्येकासमोर तळवा मांडीला पुसून हात पुढे करी. "आज आखरी कुस्ती, घरी सांगून आलोय भिया!" कोणी हात देईना. मला दया आली, इतकंच!

त्यानं हसत माझा काडीसारखा दंड चाचपला. ढोल वाजला. तेवढ्यात एक तरणा मल्ल ओशाळून पुढे आला नि मी सुटलो.

त्याला चीत करून पहिलवान माझ्याकडे आला.

"माझ्यामुळेच जोड मिळाली ना?" मी म्हटलं.

"बिल्कुल! तो पोरगा म्हणाला, हा पापड उभा राहतो, तर मी कसा बसू?"